नुसती चक्कर

आमच्या भागात बायकांना फिट येत नाही, चक्कर येते. बाई स्वयंपाकघरात ताठ होऊन पडली, दातखीळ बसली, हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, कापडं ओली झाली, तरी पाच मिनिटांनी तिला उठवून पाणी पाजताना शेजारीण म्हणणार, "काय न्हाई, चक्कर आली." सांगणारीला कळतं आणि ऐकणारीलाही कळतं. लग्नाच्या पोरीबद्दल तर दुसरा शब्द उच्चारायची सोयच नाही. मी अठरा वर्षं परिचारिका आहे, त्यातली सात मेंदूविकारांच्या वॉर्डात काढली, आणि घरी माझ्याही तोंडात हाच शब्द असायचा. आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दाने झालं आणि तो शब्द यंत्राच्या कानात मी घातला.

भाग्यश्री माझी धाकटी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिच्या जन्मानंतर आई फार दिवस राहिली नाही, तेव्हा तिचं न्हाऊमाखू, वेणीफणी, सगळं माझ्याकडेच आलं. ती मला अक्का म्हणायची. तसं घरात सगळेच म्हणत, पण तिच्या तोंडी त्यात आईपण थोडं मिसळलेलं असायचं. तेराव्या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती पडली. कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. मी तिला सांगलीला नेऊन गोळ्या चालू केल्या आणि फिट थांबली.

गोळ्या मात्र माझ्या नावावर घ्यायचो. आरोग्यपत्र नुकतं सुरू झालं होतं. माणसाचे जन्मापासूनचे आजार, आईबापाचे धरून, एका चौकोनी खुणेत साठवलेले असतात, फोन समोर धरला की सगळा इतिहास उघडा. सरकारने चांगल्यासाठीच काढलं. पण आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत आता पत्रिका नंतर आणि आरोग्यपत्र आधी बघतात. माझं लग्न होऊन दोन मुलं झाली होती, माझ्या पत्राला कोण विचारतंय? भाग्याचं पत्र कोरं राहिलं. कवठेमहांकाळच्या पुढच्या एका गावातलं स्थळ आलं, द्राक्षबागवाली चांगली माणसं, मुलगा बसवराज कमी बोलणारा. वडील म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली. लग्नानंतर दर महिन्याला मी कॅल्शियमच्या डबीत तिच्या गोळ्या भरून पाठवत राहिले.

आता यंत्राकडे येते. फिटचा आजार असलेल्या बाईला दिवस गेले की इकडे आड, तिकडे विहीर. औषध घेतलं तर ते वारेतून, नाळेतून बाळापर्यंत पोचतं, आणि काही जुन्या औषधांनी बाळाच्या मणक्याला, टाळूला, पुढे बुद्धीला अपाय होतो हे डॉक्टरांना फार वर्षांपासून ठाऊक आहे. औषध सोडलं तर फिट येते, आणि मोठी फिट बाळाचा प्राणवायू तोडते, कधी आईलाही घेऊन जाते. त्यात भर म्हणजे गरोदरपणात शरीर काही औषधं भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे काल पुरणारी मात्रा आज पुरत नाही. किती द्यायचं ते दर बाईचं वेगळं, आणि त्याच बाईचं दर महिन्याला वेगळं. डॉक्टर बिचारे अंदाजाने चालत.

'सांभाळ' नावाच्या प्रकल्पाने हा अंदाज मोडीत काढला. त्याच्या मिरजेच्या केंद्रात मी परिचारिका होते. गरोदर बाईच्या रक्तात वारेच्या चार-दोन पेशी सुटून फिरत असतात. त्या पकडायच्या आणि काचेच्या पट्टीवर वाढवायच्या. पंधरा दिवसांत त्या बाईची, त्या बाळाची वार करंगळीच्या नखाएवढी तयार होते. तिच्या एका बाजूने औषध मिसळलेलं रक्त सोडायचं आणि पलीकडे किती उतरतं ते मोजायचं. म्हणजे बाळाला किती पोचणार हे बाळाला काहीही व्हायच्या आत कळतं. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ती नखाएवढी वार बघितली तेव्हा मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग बाईच्या कमरेला एक चकती चिकटवायची. औषध तीच कातडीतून सोडते आणि रक्तात किती आहे तेही तीच मोजते. यंत्राची रीत सोपी होती. जिना उतरल्यासारखी मात्रा पायरी-पायरीने कमी करत जायची. फिट आली की लगेच दोन पायऱ्या वर. असं करत आईला पुरेल आणि बाळाला बाधणार नाही अशी सगळ्यात खालची पायरी सापडते. फक्त फिट आली की नाही हे चकतीला समजत नसे. ते बाईने स्वतः सांगायचं. आधी मनगटावर बांधायला पट्टा दिला होता, हातपाय झाडले की ओळखणारा. एकीनेही बांधला नाही, कारण तो बघून घरचे विचारणार, हे काय? चकती परकराच्या नाडीखाली लपते, आणि कुणी पाहिलीच तर रक्तवाढीची म्हणायचं. हेसुद्धा आम्हीच शिकवायचो. नोंदी नुसत्या क्रमांकाने ठेवत, आरोग्यपत्रात काही जात नसे. मृत्यू झाला तरच कारण नावानिशी त्या पत्रात जाई, आणि त्याचा विचार कोण करतंय.

रोज सकाळी दहाला बाईला फोन यायचा. बोलणारं यंत्रच होतं, पण आवाज असा की तासगावची थोरली नणंद बोलतेय. "जेवण जातंय का गं बाई? पायाला सूज न्हाई न्हवं?" बायका तिला फोनवाली ताई म्हणत. काहीजणी तिला सासूची गाऱ्हाणी सांगत आणि ती ऐकून घेई. इतकं आपलं बोलणारीला आपलं कळतही असणार, असं मी धरून चालले. नुसतं बोलता येणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे माणसांच्या बाबतीत मला चांगलं ठाऊक होतं. यंत्राच्या बाबतीत ते मला सुचलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात विट्याकडच्या एका सुनेचा फोन सासऱ्याने उचलून मोठ्या आवाजावर टाकला. ताईने मायेने विचारलं, "आज फिट आली का गं?" पोरगी संध्याकाळी माहेरी. आमच्या केंद्रात सगळे हळहळले, पण कामाला मीच लागले. यंत्र पुण्याहून चालवणाऱ्या तंत्रज्ञांना पत्र लिहून प्रश्न बदलून घेतला, 'आज काही त्रास?' एवढाच. आणि केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला बाजूला घेऊन सांगितलं, "फिट म्हणायचंच नाही. चक्कर आली म्हण. ताई आपल्याकडचीच हाय, तिला कळतं." बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघायचे आणि मला स्वतःचं कौतुक वाटायचं. प्रश्न बदलला, पण उत्तर काय येणार हे मी पुण्याला कळवलंच नाही. कळवायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. चक्कर म्हणजे काय, हे कुणाला कशाला सांगावं लागतं?

लग्नाच्या सहाव्या वर्षी भाग्याला दिवस गेले. त्याआधी दोनदा पोटातच गेलं होतं. मी तिला माझ्या हाताने प्रकल्पात घेतलं, माझ्या हाताने चकती लावली.

"अक्का, बाळाला काय हुणार न्हाई न्हवं?" तिने विचारलं.

"म्हणून तर हे लावतेय."

"आणि मला?"

"तुलाही नाही," मी म्हणाले.

कुणाची मात्रा किती आहे हे आम्हा परिचारिकांना दाखवत नसत. आमचं मत मध्ये येऊ नये म्हणून तशी पद्धतच होती. मला दिसायची ती फक्त बहीण. तोंडावर तेज आलं होतं तिच्या. सासू तिला डाळिंबं सोलून द्यायची. चौथ्या महिन्यात एकदा फोनवर म्हणाली, "काल चक्कर आलती गं."

"ताईला सांगितलंस?"

"सांगितलं की."

"मग झालं. ती वाढवील बरोबर."

पाचव्यात पुन्हा, सहाव्यात दोनदा. मला काळजी वाटत नव्हती असं नाही. पण गरोदरपणात औषध लवकर उतरतं, एखाददुसरी यायचीच, यंत्र बघतंय, असं मी मनाला सांगत राहिले. अठरा वर्षांच्या अनुभवाची बाई मी. रोग्याने सांगितलेलं स्वतः तपासून बघायचं, हे नव्या पोरींना शिकवणारीही मीच.

तिला सातवा लागला तेव्हा प्रकल्पाला वर्ष झालं होतं. त्यानिमित्त सकाळी केंद्रात कार्यक्रम होता आणि दुपारी भाग्याच्या घरी डोहाळजेवण. मी तिच्यासाठी घेतलेली हिरवी साडी पिशवीत घालूनच कार्यक्रमाला गेले, म्हणजे तिथून परस्पर निघता येईल. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर हुल्याळकर भाषण करत होते. सज्जन माणूस, पाच वर्षं याच कामात डोळे फोडून घेतलेले. पडद्यावर आकडे आले. बायका सहाशे अडतीस. नोंदलेले झटके चार. बाळांपर्यंत पोचलेलं औषध पूर्वीच्या एक तृतीयांशाहून कमी. टाळ्या झाल्या. मग पुढचं चित्र आलं.

"यंत्र दुष्परिणामांनाही किती तत्पर आहे बघा," डॉक्टर म्हणाले. "औषध अंगावर चढतंय याची पहिली खूण म्हणजे चक्कर. अशा नोंदी वर्षात बाराशे सहा. दर वेळी चोवीस तासांच्या आत मात्रा एक पायरी खाली आणली गेली आहे."

लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. माझेही हात वर आले होते, ते तसेच राहिले.

मी पायऱ्या चढून सरळ त्यांच्याजवळ गेले. त्यांना वाटलं, मी अभिनंदन करायला आले.

"सर, मात्रा उतरवणं थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं, सिस्टर?"

"ती चक्कर नाही. फिट आहे."

"चक्कर म्हणजे चक्कर ना?"

"आमच्याकडे नाही. मीच सांगितलं होतं बायकांना, फिट आली तर चक्कर म्हणा म्हणून."

ते खुर्चीत बसले. "किती जणींना सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"आणि ज्यांना खरोखरची चक्कर आली, त्या काय म्हणाल्या?"

"त्याही चक्करच म्हणाल्या असतील."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुण्याला फोन करून सगळ्यांच्या मात्रांची उतरण थांबवली आणि मग मी सांगितला तो क्रमांक उघडला. भाग्याचा आलेख जिन्यासारखाच होता, फक्त वर चढणारी एकही पायरी त्यात नव्हती. मला तिने सांगितलेल्या चक्करा चार. ताईला सांगितलेल्या अकरा. तिने ताईला 'चक्कर आली' सांगितलं की यंत्राने औषध कमी केलं, औषध कमी झालं म्हणून पुन्हा फिट आली, ती तिने पुन्हा इमानदारीने सांगितली. तिच्या अंगात आता नावालाच औषध उरलं होतं.

"बहीण आहे तुमची?" डॉक्टरांनी विचारलं. "आजच घेऊन या. हे औषध घरी एकदम वाढवता येत नाही, अंगावर उठतं, जीवावर बेततं. दाखल करून चार दिवस डोळ्यांसमोर ठेवायला हवं. आजच, सिस्टर."

मी पोचले तेव्हा अंगणात मांडव होता, झोपाळ्याला झेंडूच्या माळा. भाग्या हिरव्या साडीत, गजऱ्यांच्या दागिन्यांत बसली होती आणि बायका एकेक करून ओटी भरत होत्या. मला बघून तिचा चेहरा उजळला. मी तिला साडी बदलायच्या निमित्ताने आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून सगळं सांगितलं.

ती पलंगावर बसली. "म्हंजे मी खरं सांगत गेले म्हणून हे झालं?"

"माझ्यामुळे झालं. ते नंतर बोलू. आता चल, गाडी उभी आहे."

"आत्ता? ओटी भरायची ऱ्हायलीय निम्म्या बायकांची. आत्तींना काय सांगू?" सासूला ती आत्ती म्हणायची.

"खरं सांगू."

"सहा वर्सं खोटं बोलायला तूच शिकवलंस अक्का. आता सगळ्या गावच्या बायकांपुढं, ह्या साडीत, खरं सांगू व्हय? ह्यांना तर अजून काय म्हाईत न्हाई." तिचा आवाज फुटला. "दोनदा गेल्यावर हा दिवस आलाय. एवढा जाऊ दे. उद्या सकाळी ये. रक्त तपासायचंय म्हण, ॲडमिट करायचंय म्हण, काय बी म्हण. मी येते."

तेवढ्यात दार ढकलून तिच्या सासू, महादेवीकाकू आत आल्या. दारातच थांबल्या. भाग्याच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. गाडीत पंचवीस मैल मी तेच घोकत आले होते. आणि मी म्हणाले, "काही नाही काकू. जरा चक्कर येतेय तिला."

त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. "व्हय?" म्हणाल्या. "आणि काय न्हाई?"

"नाही."

"मग बसू दे जरा." दार लोटून त्या गेल्या.

मी उद्याचं कबूल केलं. भाग्याने माझी साडी नेसली, ओटी भरून घेतली, झोपाळ्यावर बसून हसली. मी तिला भरवलेला शेवटचा घास खीर-पुरीचा होता. डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं, उद्या सकाळी आठला आणते.

सकाळी साडेसहाला बसवराजचा फोन आला. "अक्का, भाग्याला चक्कर आलीया. अर्धा तास झाला, थांबंना झालीया."

थांबेना झालेली चक्कर. मला अजून ते वाक्य कुठेही ऐकू येतं, भांडी घासताना, एसटीत, वॉर्डात कुणाचा रक्तदाब मोजताना.

गाडीने तिला मिरजेला आणेपर्यंत दीड तास गेला. फिट मध्ये थांबायची आणि शुद्ध यायच्या आत पुन्हा सुरू व्हायची. डॉक्टरांनी पोट फाडून बाळ काढलं. मुलगी, सव्वा किलोची, लगेच रडली. भाग्या दुपारी गेली. मी तिचा हात धरून होते. हातात कालचा हिरवा चुडा होता.

बाळाच्या रक्तात औषधाचा लवलेश सापडला नाही. प्रकल्पात इतकं स्वच्छ बाळ आजवर झालं नव्हतं, असं प्रयोगशाळेतली मुलगी मला सांगायला आली. भाग्या माझी बहीण हे तिला माहीत नव्हतं.

ते दोन दिवस केंद्रातल्या बाकीच्या परिचारिका बायकांना फोन करत होत्या. प्रकल्पाच्या वरच्या समितीने उतरण तीन दिवसांपुरतीच थांबवली होती. एका परिचारिकेच्या तोंडी सांगण्यावरून बाराशे नोंदींचा अर्थ बदलता येत नाही, त्यांचं म्हणणं होतं, आणि कागदाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. पुरावा हवा. म्हणून एकेका बाईला विचारायला घेतलं, ती चक्कर होती की फिट? एकशे चाळीस जणींना विचारलं. एकशे एकतीस म्हणाल्या, चक्कर हो, नुसती चक्कर. बाकीच्या नऊ जणींनी फोनच ठेवून दिला. मागे कुणाच्या घरात टीव्ही चालू होता, कुणाचा नवरा विचारत होता, कुणाचा फोन गं? मी शिकवलेलं एकीही विसरली नव्हती.

पुरावा एकच उरला होता. भाग्याच्या मृत्यूची नोंद. तिसऱ्या दिवशी तो फॉर्म मी भरायचा होता, कारण तिची परिचारिका मी. त्यात रकाना होता : रुग्णेला पूर्वीपासून फिटचा आजार होता का? तिने कळवलेल्या चक्करा म्हणजे झटकेच होते का? नवजात अर्भकांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर मी तो मांडीवर घेऊन बसले होते. काचेपलीकडे बाळ पेटीत होतं. महादेवीकाकू येऊन शेजारी बसल्या. डोळे कोरडे होते, आवाज बसलेला.

"मला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"लग्नाच्या पहिल्या वर्सीच. पंचमीला न्हाणीत पडली हुती. म्या दार मोडून आत गेले, तोंड पुसलं, कापडं बदलली. सुद्दीवर आल्यावर म्हणाली, आत्ती, चक्कर आली. म्या म्हटलं, येती कधी कधी. माझ्या नणंदेला बी यायची तसली चक्कर."

"काकू, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही झाकून दिलीया म्हटल्यावर म्या उघडं कसं करू? पोरगी गुणाची हुती. तिला वाटंल, आता मला सोडत्यात." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "तुम्ही सांगशीला म्हणून वाट बघितली. परवा बी बघितली. खोलीच्या दारात हुभी ऱ्हायले की न्हाई? तुम्ही म्हणाला, चक्कर."

मला रडता आलं नाही. सहा वर्षं आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो त्या सहा वर्षं आमच्याकडून लपवत होत्या. परवा कुणीही एकाने तोंड उघडलं असतं तर भाग्या रात्री वॉर्डात असती.

काकूंनी माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बोट केलं. "ह्यात काय लिवणार?"

मी सांगितलं.

"डॉक्टर म्हणत हुते, पोटुशीपणात रक्तदाब वाढून बी असं हुतं. एकदाच. ते आनुवंशिक नसतंय."

"हो."

"मग तेवढंच लिवा." त्यांनी काचेकडे बघितलं. "आईचं कारण पोरीच्या पत्रात उतरतंय. जल्मभर. उद्या तिला बघायला येतील ती पयलं तेच उघडतील. आई न्हाई तिला, आता एवढं तरी कोरं असू दे. तुम्हीच भाग्याचं कोरं ठेवलंतं, हिचं बी ठेवा."

"काकू, मी हे लिहिलं नाही तर उद्यापासून बाकीच्यांचं औषध पुन्हा उतरायला लागेल. शेकडो बायका आहेत."

"त्यांच्या घरची बघतील त्यांना."

"नाही बघत. सगळे चक्कर म्हणतात."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, म्या कधी तुमच्याकडं काय मागितलं न्हाई."

खरंच मागितलं नव्हतं. आणि हेही खरं की त्या फॉर्मवर रक्तदाब लिहायची मला फार इच्छा झाली. तो कोरा कागद, ती काचेतली पोर, आणि मला मावशी म्हणणारं एक माणूस या जगात वाढणार हा एवढाच दिलासा. मी पेन दोनदा टेकवलं आणि उचललं. तिसऱ्यांदा दोन्ही रकान्यांत 'होय' लिहिलं, खाली कारणाच्या जागी 'फिट' असं लिहिलं आणि सही केली. अठरा वर्षांत रोग्याच्या कागदावर मी तो शब्द शेकडो वेळा लिहिला होता, आपल्या माणसाच्या कागदावर पहिल्यांदा.

काकूंना वाचता येत होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला. "म्हंजे पोरीला मावशी न्हाई, असं धरतो आम्ही," एवढंच म्हणाल्या आणि काचेजवळ जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बसवराज जिन्यात बसला होता. मी जाताना त्याने वर बघितलं नाही.

याला आता दहा महिने झाले. समितीने नोंद मान्य केली, मात्रा पुन्हा चढवल्या. तेवढ्या वेळात आणखी दोघी गेल्या होत्या, एक जतची, एक आटपाडीकडची. दोघींच्याही घरच्यांनी पडून गेली असं सांगितलं. माझी नोकरी गेली नाही. डॉक्टर हुल्याळकरांनी स्वतःची सोडली. फोनवाली ताई आता चक्कर म्हटलं की पुढे विचारते, "पडलीस का गं? जीभ चावली का?" म्हणून बायकांनी नवा शब्द काढलाय. हल्ली त्या 'डोळ्यांपुढं आलं' म्हणतात. ताईला तो अजून कळलेला नाही. मी रोज नोंदी चाळते आणि जिथे जिथे तो दिसतो तिथे खूण करून पुण्याला पाठवते. बायका मात्र माझ्याशी आता मोकळं बोलत नाहीत.

भाग्याची मुलगी चांगली आहे. प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे दर तीन महिन्यांनी तिची तपासणी होते, दुसरी परिचारिका जाते. वजन, डोक्याचा घेर, नजर धरणं, हाक मारली की वळून बघणं, सगळं उत्तम. बारसं झालं असणार, पण मला बोलावणं नव्हतं. आमच्या यादीत ती बाळ क्रमांक चारशे सतरा आहे, आणि नावाचा रकाना त्या यादीत नाही.